दोन गुणांनी मागे, एका गुणाने पुढे

सांघिक खेळांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल या पहिल्या गटातील खेळांत दोन्ही संघ एकाच वेळी हल्लाही करतात आणि बचावही करतात. क्रिकेट, बेसबॉल, खो-खो या दुसऱ्या गटात मात्र ही कामे पाळीने वाटलेली असतात, म्हणजे एका पाळीत एक संघ गुण मिळवण्यासाठी झटतो, दुसरा त्याला रोखतो आणि पाळी संपली की भूमिका बदलतात. अटीतटीचा सामना कसा घडतो हे समजून घेण्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पाळीच्या खेळात शेवटची पाळी खेळणाऱ्या संघापुढे प्रतिस्पर्ध्याने उभारलेला आकडा स्पष्ट लिहिलेला असतो आणि आपली प्रत्येक हालचाल त्या आकड्याशी ताडूनच त्याला करावी लागते.

या प्रकरणात अशा दोन सामन्यांचा विचार केला आहे. पहिला ३ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेला व्यावसायिक बेसबॉलचा सामना आहे, तर दुसरा ४ सप्टेंबर २०२२ रोजी पुण्याजवळच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झालेला व्यावसायिक खो-खोचा अंतिम सामना आहे. दोन्ही खेळांचे साहित्य, मैदान आणि परंपरा यांत काडीचेही साम्य नसले, तरी दोन्ही सामन्यांचा निकाल एकाच हिशेबाने लागला: शेवटची पाळी खेळणारा संघ दोनने मागे होता, एका कृतीने त्याला तीन मिळाले आणि तो एकाने पुढे जाऊन जिंकला.

बेसबॉलची पाळी आणि १९५१ चा सामना

बेसबॉलच्या मैदानाचा गाभा चौकोनी असतो. त्याच्या चार कोपऱ्यांना बेस म्हणतात. त्यांपैकी जेथे फलंदाज उभा राहतो तो कोपरा म्हणजे होम प्लेट आणि उरलेले तीन अनुक्रमे पहिला, दुसरा आणि तिसरा बेस होत. एका बेसपासून पुढच्या बेसचे अंतर ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर असते. चेंडू फेकणारा पिचर मधोमध उभा राहून होम प्लेटच्या दिशेने चेंडू टाकतो, फलंदाज तो टोलावून धावत सुटतो आणि तिन्ही बेस ओलांडून पुन्हा होम प्लेटला पोचला की त्याच्या संघाला एक धाव मिळते. फलंदाज एका फटक्यात थेट होमपर्यंत येईलच असे नाही. तो मधल्या बेसवर थांबू शकतो आणि पुढच्या फलंदाजाच्या फटक्यावर पुढे सरकू शकतो. चेंडू सीमेच्या कुंपणापलीकडे गेला, तर त्याला होमरन म्हणतात आणि त्या वेळी बेसवर थांबलेले सर्व धावक, तसेच स्वतः फलंदाज, कोणताही अडथळा न येता धाव पूर्ण करतात. म्हणून बेसवर दोन धावक असताना मारलेल्या होमरनचे मोल तीन धावा इतके होते.

तीन गडी बाद झाले की पाळी संपते आणि अशा प्रत्येकी नऊ पाळ्या दोन्ही संघ खेळतात. म्हणजे सामना हरण्यापूर्वी संघाचे २७ गडी बाद व्हावे लागतात. या खेळाला घड्याळ नाही, ही त्याची सर्वांत महत्त्वाची खूण होय. संघ कितीही मागे असला, तरी सत्ताविसावा गडी बाद होईपर्यंत त्याची संधी संपत नाही, आणि यजमान संघ नेहमी शेवटी फलंदाजी करत असल्यामुळे अखेरचा शब्द त्याच्या हाती राहतो.

१९५१ मध्ये न्यूयॉर्क शहरातील जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स हे दोन संघ एकाच महानगरातील असल्याने त्यांच्यातील चुरस घराघरांत पोचलेली होती. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जायंट्स साडेतेरा सामन्यांनी पिछाडीवर होते. तरीही हंगामाच्या शेवटी दोन्ही संघांचे ९६ विजय व ५८ पराभव असे समसमान झाले, आणि नॅशनल लीगचे विजेतेपद ठरवण्यासाठी तीन सामन्यांची मालिका घ्यावी लागली. पहिला सामना जायंट्सनी ३-१ असा जिंकला, दुसरा डॉजर्सनी १०-० असा एकतर्फी घेतला आणि सगळा हंगाम तिसऱ्या सामन्यावर येऊन ठेपला.

त्या सामन्यात नवव्या, म्हणजे शेवटच्या पाळीच्या प्रारंभी जायंट्स १-४ असे मागे होते. दोन फटक्यांनी दोन धावक बेसवर आले, मग एक गडी बाद झाला, त्यानंतर व्हाइटी लॉकमनच्या फटक्यावर एक धाव मिळून धावसंख्या २-४ झाली आणि दुसऱ्या व तिसऱ्या बेसवर एकेक धावक उभा राहिला. डॉजर्सनी थकलेल्या डॉन न्यूकम्बच्या जागी राल्फ ब्रँका याला पिचर म्हणून आणले आणि त्याच्यासमोर बॉबी थॉमसन फलंदाजीस आला. पहिला बेस रिकामा असल्याने थॉमसनला मुद्दाम चार चेंडू बाहेर टाकून तेथे पाठवण्याचा मार्ग डॉजर्सना मोकळा होता. पण तसे केले असते तर तिन्ही बेस भरले असते आणि पुढे फलंदाजीस येणार होता २० वर्षांचा विली मेज, ज्याचा तो पहिलाच हंगाम होता. डॉजर्सनी थॉमसनला खेळवण्याचा निर्णय घेतला. ब्रँकाचा पहिला चेंडू थॉमसनने सोडून दिला, दुसरा त्याने डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे प्रेक्षकांत पाठवला, तिन्ही धावा पूर्ण झाल्या आणि जायंट्स ५-४ असे जिंकले.

या क्षणी थॉमसनने साधा फटका मारला असता, तर बेसवरील दोन्ही धावक घरी येऊन ४-४ अशी बरोबरी होणे शक्य होते. बरोबरी साधणारी कृती आणि विजय देणारी कृती यांच्यातील अंतर एका धावेचे होते, आणि विजय देणारी कृती अधिक अवघड होती. हीच गोष्ट ७१ वर्षांनी, अगदी वेगळ्या मैदानावर, पुण्यात पुन्हा दिसली.

पुण्यात घडलेला खेळ

खो-खो हा महाराष्ट्राच्या मातीतला खेळ आहे हे विधान केवळ अभिमानापोटी केलेले नाही, त्याला दप्तरी आधार आहे. पाठलागाचा हा खेळ त्यापूर्वीही गावोगाव खेळला जात असला, तरी त्याला लेखी नियम देण्याचे काम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने हाती घेतले आणि तेथूनच अंगणातल्या खेळाचे स्पर्धेच्या खेळात रूपांतर सुरू झाले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत खो-खोचाही समावेश होता. पुढे देशपातळीवर महासंघ स्थापन झाला, १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि पुणे, मुंबई, ठाणे, सांगली, सोलापूर, धाराशिव अशा जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडत राहिले. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये मिळालेला अर्जुन पुरस्कार हे त्याच परंपरेचे फळ होय.

पारंपरिक नियमांनुसार खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. बेसबॉलमधील दोन बेसमधले अंतर आणि खो-खोच्या मैदानाची लांबी जवळजवळ सारखी भरते, म्हणजे बेसबॉलचा धावक एका बेसवरून दुसऱ्यावर जाताना जेवढे पळतो तेवढ्यात खो-खोचे अख्खे मैदान संपते. मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक खांब रोवलेला असतो आणि दोन्ही खांबांना जोडणारी अरुंद मधली पाटी मैदानाचे दोन समान भाग करते. या पाटीवर ठरावीक अंतरावरील चौरसांत आक्रमक संघाचे आठ गडी, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून, उठण्याच्या तयारीत बसतात. नववा गडी प्रत्यक्ष पाठलाग करतो. बचाव करणारा संघ तीन-तीन गड्यांच्या तुकड्या मैदानात उतरवतो, आणि एका तुकडीतले तिघे बाद झाले की पुढची तुकडी आत येते. तीन बाद झाल्यावर बेसबॉलमध्ये पाळीच बदलते, खो-खोत तुकडी बदलते. पण दोन्ही खेळांत तीन बादांचा संच हेच हिशेबाचे एकक आहे.

खो-खोचे सौंदर्य आणि त्याचे गणित या दोहोंचे मूळ पाठलाग करणाऱ्यावर घातलेल्या बंधनांत आहे. बचाव करणारा धावक मैदानात कोठेही, कोणत्याही दिशेने पळू शकतो, बसलेल्या दोघांमधून आरपार जाऊ शकतो, हुलकावणी देऊन उलट फिरू शकतो. पाठलाग करणाऱ्याला यांपैकी काहीच करता येत नाही. एकदा त्याने दिशा घेतली की खांबाला वळसा घालेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही आणि मधली पाटी ओलांडून पलीकडच्या भागात जाता येत नाही. पलीकडे पळालेल्या धावकाला गाठायचे असेल, तर त्याने त्या बाजूला तोंड करून बसलेल्या सहकाऱ्याच्या पाठीला हात लावून मोठ्याने ‘खो’ म्हणावे लागते. तेव्हा तो सहकारी उठून पाठलाग पुढे चालवतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. म्हणून चपळ धावकाला एकटा पाठलाग करणारा क्वचितच पकडतो. त्याला पकडते ती बसलेल्या गड्यांची रांग, जी योग्य क्षणी योग्य पाठीवर पडलेल्या थापेने त्याच्यासमोर नवा, ताजा गडी उभा करते. त्याला उत्तर म्हणून धावकही साखळी खेळतो, म्हणजे रांगेतून नागमोडी वाट काढत आक्रमकाला पुन्हा पुन्हा खो देण्यास भाग पाडतो, आणि अशा रीतीने प्रत्येक खोबरोबर काही सेकंद खर्ची घालतो.

सेकंद खर्ची घालणे हेच धावकाचे काम असल्याने या खेळात घड्याळाला केंद्रस्थान आहे. वर्तमानपत्रांतील खो-खोच्या बातम्यांत अमुक खेळाडूने दोन मिनिटे दहा सेकंद संरक्षण केले, तमुक संघाने एक गुण आणि चार मिनिटे राखून सामना जिंकला अशी वाक्ये येतात. त्यांत गुणांइतकेच महत्त्व वेळेला दिलेले असते. बरोबरी झाली, तर पारंपरिक स्पर्धांत अलाहिदा डाव, म्हणजे निकालासाठी खेळवलेला जादा डाव घेतात. आणि तेथेही तिढा सुटला नाही, तर लघुत्तम आक्रमणाचा आधार घेतात, म्हणजे पहिला गडी कोणत्या संघाने कमी वेळात टिपला हे पाहून विजेता ठरवतात. बेसबॉलमध्ये बाद होण्याची संख्या मर्यादित आणि वेळ अमर्याद असतो. खो-खोत याच्या नेमके उलट, वेळ मर्यादित आणि बाद करण्याची संख्या जमेल तितकी असते.

व्यावसायिक खो-खो आणि धोक्याची किंमत

१४ ऑगस्ट २०२२ रोजी अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम बालेवाडीत सुरू झाला. ओडिशा जगरनॉट्स, तेलुगू योद्धाज, गुजरात जायंट्स, चेन्नई क्विक गन्स, राजस्थान वॉरियर्स आणि मुंबई खिलाडीज असे सहा संघ त्यात उतरले आणि सर्व सामने पुण्यातच झाले. खेळ मातीवरून मॅटवर आणि मैदानातून प्रकाशझोताखालच्या सभागृहात आला तसे त्याचे नियमही बदलले. मैदान आखूड झाले, आक्रमक संघात नऊऐवजी सात गडी आले आणि प्रत्येक संघाला दोन डावांत सात-सात मिनिटांच्या दोन आक्रमण-पाळ्या मिळाल्या. ‘वजीर’ नावाची नवी भूमिका निर्माण झाली. बुद्धिबळातील वजिराप्रमाणे या आक्रमकाला कोणत्याही दिशेने वळण्याची मुभा असते, म्हणजे इतर आक्रमकांवरचे दिशेचे बंधन त्याच्यापुरते शिथिल केलेले असते.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल गुणांच्या मोजमापात झाला. पारंपरिक खो-खोत गडी कसाही बाद झाला तरी एकच गुण मिळतो. लीगमध्ये साध्या स्पर्शाने बाद केल्यास दोन गुण आणि सूर मारून बाद केल्यास तीन गुण असा भेद करण्यात आला. आकाशीय सूर म्हणजे पाठलाग करणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवरून उचलून, शरीर जवळजवळ आडवे करून, हवेतूनच धावकाला हात लावणे. आणि खांबाचा आधार घेऊन टोकाशी मारलेला सूर हा त्याचाच दुसरा प्रकार.

आकाशीय सुराची रचना जवळून पाहिली, तर त्याला तीन गुण का द्यावेत हे लगेच उमजते. धावणाऱ्या माणसाचा हात त्याच्या शरीरापुढे हातभर पोचतो; सूर मारणाऱ्याची पोच त्याच्या संपूर्ण उंचीइतकी वाढते, कारण पायाच्या चवड्यांपासून बोटांच्या टोकांपर्यंतचे सगळे शरीर एका रेषेत येते. या वाढलेल्या पोचीची किंमत मात्र मोठी असते. पाय सुटल्यावर दिशा बदलता येत नाही, त्यामुळे धावकाने ऐन वेळी एक पाऊल आत घेतले तर हात हवेतच राहतो. छाती, कोपरे आणि गुडघे मॅटवर आपटतात. आणि आक्रमक उठून उभा राहून खो देईपर्यंत धावक पाठलागाच्या टप्प्याबाहेर गेलेला असतो. सात मिनिटांच्या पाळीत असे काही सेकंद वारंवार गमावणे संघाला परवडत नाही.

हा निर्णय आकड्यांत मांडता येतो. समजा, एखाद्या प्रसंगी खो देत राहून साध्या स्पर्शाने गडी बाद होण्याची शक्यता दहापैकी सहा वेळा आहे. तर त्या मार्गाचे सरासरी मोल दहा प्रसंगांत बारा गुण होते. त्याच प्रसंगी सूर मारला आणि तो दहापैकी चार वेळाच यशस्वी झाला, तरी मिळणारे गुण बाराच होतात. म्हणजे सुराच्या यशाची शक्यता स्पर्शाच्या शक्यतेच्या दोन-तृतीयांश असली, तर दोन्ही मार्ग समान ठरतात. त्याहून अधिक असली तर सूर फायद्याचा आणि कमी असली तर तोट्याचा. चांगला आक्रमक हा हिशेब कागदावर करत नाही, पण वर्षानुवर्षांच्या सरावाने तो त्याच्या पायांत भिनलेला असतो. शेवटच्या मिनिटांत मात्र हा सरासरीचा हिशेब मागे पडतो आणि समोरचा आकडा बोलू लागतो, कारण दोन गुणांनी मागे असलेल्या संघाला स्पर्शाने बरोबरी मिळते आणि सुराने विजय.

शेवटचे एक मिनिट चोवीस सेकंद

अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्स आणि तेलुगू योद्धाज समोरासमोर आले. नावांवरून ही लढत महाराष्ट्राबाहेरच्या दोन संघांची वाटते. पण दोन्ही बाजूंना महाराष्ट्राच्या मैदानांवर घडलेले खेळाडू होते आणि तेलुगू योद्धाजचे नेतृत्व प्रतीक वाईकर या मराठी खेळाडूकडे होते. राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्र आणि रेल्वे यांच्या लढतींतही असेच घडते; रेल्वेच्या बाजूनेही मराठी खेळाडू उतरतात आणि एकमेकांच्या हुलकावण्या पाठ असलेले सवंगडी प्रतिस्पर्धी म्हणून भिडतात. प्रतिस्पर्ध्याची खोड ठाऊक असणे हा अशा लढतींचा आत्मा असतो, आणि दोन्ही संघ तुल्यबळ राहण्याचे ते एक खरे कारणही आहे.

सामना शेवटच्या पाळीपर्यंत कोणाच्याच बाजूला झुकला नाही. अखेरची आक्रमण-पाळी ओडिशाची होती आणि सामन्याचे १ मिनिट २४ सेकंद शिल्लक असताना सूरज लांडे याने आकाशीय सूर मारून धावकाला टिपले. त्या सुराचे तीन गुण फलकावर चढले आणि ओडिशाने ४६-४५ असा विजय मिळवून पहिल्या हंगामाचे विजेतेपद व एक कोटी रुपयांचे पारितोषिक पटकावले.

या धावफलकाकडे बारकाईने पाहिल्यास त्यातून पुष्कळ काही वाचता येते. ओडिशाच्या ४६ मधून त्या सुराचे तीन गुण वजा केले, तर ४३ उरतात, म्हणजे योद्धाजच्या ४५ पेक्षा दोन कमी. सुराच्या जागी साधा स्पर्श असता, तर बेरीज ४५-४५ झाली असती. शिवाय केवळ साध्या स्पर्शांच्या गुणांची बेरीज नेहमी समसंख्या येते, तेव्हा योद्धाजचा ४५ हा विषम आकडा साध्या स्पर्शांतून तयार होऊच शकत नाही. एका गुणाचा फरक ज्या सामन्यात दिसतो, त्यात कोणीतरी कोठेतरी साध्या मार्गाहून अधिक धोका पत्करलेला असतो. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर थॉमसनपुढे २-४ हा आकडा होता आणि त्याच्या फटक्याने तो ५-४ झाला. बालेवाडीत ४३-४५ चे ४६-४५ झाले. दोन्हीकडे तूट दोनची, भर तीनची आणि विजय एकाचा.

चौऱ्याऐंशी सेकंद हा काळ लहान वाटला, तरी खो-खोच्या मोजमापात तो लहान नाही. एवढ्या वेळात चांगला आक्रमक संघ अनेक खो देतो, धावकाला दोन-तीन वेळा खांबाकडे रेटतो आणि त्याची कोंडी करतो. म्हणून सूरज लांडेचा सूर हा अखेरच्या सेकंदाचा जुगार नव्हता. स्पर्शाची वाट पाहण्याइतका वेळ हाताशी असताना, संधी दिसताच घेतलेला तो निर्णय होता, आणि त्याचे श्रेय त्याच्याइतकेच धावकाला त्या टप्प्यात आणून देणाऱ्या बसलेल्या सहा गड्यांनाही जाते.

एका गुणाने हरलेल्या कर्णधाराचे पुढे काय झाले, हेही नोंदवणे उचित ठरेल. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, त्या वेळी भारताच्या पुरुष संघाचे कर्णधारपद प्रतीक वाईकर यांच्याकडे आणि महिला संघाचे कर्णधारपद प्रियांका इंगळे यांच्याकडे होते. १९ जानेवारी रोजी झालेल्या अंतिम सामन्यांत पुरुष संघाने नेपाळचा ५४-३६ असा आणि महिला संघाने नेपाळचाच ७८-४० असा पराभव केला. बालेवाडीत एका गुणाने निसटलेले विजेतेपद आणि दिल्लीत अठरा गुणांनी मिळालेले जगज्जेतेपद यांमध्ये जेमतेम अडीच वर्षांचे अंतर आहे.

चुरस कशातून निर्माण होते

अशा सामन्यांना नशिबाचा खेळ म्हणून सोडून देण्याची सवय पुष्कळांना असते. दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवून पाहिली, तर हे मत टिकत नाही. चुरस निर्माण होण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली म्हणजे दोन्ही संघांचे बळ जवळजवळ सारखे असावे. १५४ सामन्यांनंतर जायंट्स आणि डॉजर्स समसमान राहिले, यातच त्यांचे तुल्यबळ सिद्ध होते. दुसरी म्हणजे मागे पडलेल्या संघाला शेवटपर्यंत खरी संधी मिळावी. बेसबॉलमध्ये ती सत्ताविसाव्या बादापर्यंत आणि खो-खोत पाळीच्या शेवटच्या सेकंदापर्यंत मिळते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे अवघड कृतीला सोप्या कृतीपेक्षा अधिक मोल देणारा नियम असावा. सर्व बाद एकाच किमतीचे असते, तर दोनने मागे असलेल्या संघाला एका कृतीत पुढे जाण्याचा मार्गच उरला नसता. बेसबॉलने ही सोय बेसवर साठलेल्या धावकांच्या रूपाने केली. खो-खोच्या नव्या नियमांनी ती सुराच्या तिसऱ्या गुणातून केली.

या तिसऱ्या गुणामुळे खेळाचा मूळ पिंड बिघडला, असा आक्षेप घेतला जातो. साखळी खेळून मिनिटे खाणाऱ्या धावकाचे कसब झाकोळून केवळ सुराचा देखावा उरेल, ही त्यामागची काळजी रास्त आहे. तथापि लीगने दीर्घकाळ टिकणाऱ्या धावकांच्या तुकडीलाही जादा गुण ठेवले आहेत, आणि सूर यशस्वी होण्यासाठी आधी खो देऊन कोंडी करावीच लागते. म्हणजे जुने कसब आजही खेळाचा पाया आहे आणि सूर हा त्या पायावर चढवलेला कळस आहे. १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्यावर लिहिल्या गेलेल्या नियमांत वेळोवेळी भर पडली म्हणूनच हा खेळ टिकला, आणि २०२२ ची भरही त्याच रीतीला धरून आहे.

मोशीच्या संदर्भात

हे सारे मोशीसारख्या उपनगरातील वाचकाशी कसे निगडित आहे, हे शेवटी सांगणे आवश्यक आहे. इंद्रायणीच्या काठी, पुणे-नाशिक महामार्गावर वसलेले मोशी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. भोसरी आणि चाकण या दोन औद्योगिक क्षेत्रांच्या मध्ये असल्यामुळे शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र अशा सर्व भागांतील कुटुंबे कामानिमित्त येथे स्थायिक झाली. यांतील कित्येक पालक आपल्या गावच्या शाळेत खो-खो खेळलेले आहेत. पाठीवर थाप मारून खो कसा द्यावा आणि खांबापाशी कसे वळावे हे त्यांना शिकवावे लागत नाही. ४६-४५ चा तो सामना ज्या बालेवाडीत झाला, ती मोशीहून नाशिक फाटा आणि वाकडमार्गे, मुळा नदीच्या पलीकडे आहे.

बेसबॉलसाठी विस्तीर्ण मैदान, बॅटी, हातमोजे आणि उंच कुंपण लागते. खो-खोसाठी २७ मीटर गुणिले १६ मीटर, म्हणजे ४३२ चौरस मीटर जागा, तिच्याभोवती थोडी मोकळी पट्टी, दोन गुळगुळीत खांब आणि रेषा आखण्यासाठी पोतेभर फक्की पुरते. मोशी परिसरातील शाळांनी, गृहसंकुलांच्या समित्यांनी आणि महानगरपालिकेने उरलेल्या मोकळ्या जागांपैकी एवढा एकेक तुकडा खो-खोसाठी राखून ठेवावा आणि तेथे मऊ माती पसरावी, जेणेकरून सूर मारणाऱ्या मुलामुलींचे गुडघे फुटणार नाहीत. सूर मारायला धाडस लागते, आणि पडल्यावर न लागण्याची खात्री असलेल्या मैदानावरच ते धाडस लहानपणी अंगी बाणते.